घड्याळाला दम कसा कळतो?

प्रयोगशाळेत तोंडावर मास्क चढवून ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवतात आणि शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. हाच व्हीओटू मॅक्स. मनगटावरचं घड्याळ मात्र हा ऑक्सिजन मोजतच नाही. ते वेग आणि नाडीवरून अंदाज बांधतं.

ॲपल वॉचला त्यासाठी उघड्यावरची, साधारण सपाट वाट, चांगला जीपीएस आणि पुरेशी वाढलेली नाडी लागते. पर्वतीच्या पायऱ्या चढून कितीही धाप लागो, ती इथे कामाची नाही. गप्पा मारत काढलेली संथ फेरीही नाही. पट्टा सैल असला की नाडीचं वाचन चुकतं. अंदाजात वजनही धरलं जातं, आणि प्रोफाइलमधलं वजन तर अनेकांचं लग्नाच्या वेळचंच असतं!

बीटा-ब्लॉकरच्या गोळीने नाडी दबते आणि आकडा उगाच फुगतो. ही गोळी चालू असल्याची नोंद हेल्थ ॲपमध्ये करता येते.