नीलमाचा रंग, जव्हेऱ्याचा शब्द

नीलमाचा खरा रंग दुकानातील दिव्याखाली कळत नाही. जुना पारखी खडा पांढऱ्या कागदावर ठेवून उत्तरेकडील खिडकीशी नेतो आणि दिवसाच्या उजेडात न्याहाळतो. पिवळ्या दिव्याखाली पुष्कळ निळे खडे काळवंडतात. जो तेथेही आपला निळेपणा राखतो, त्याचे मोल निराळे.

काश्मीरच्या नीलमाची कीर्ती याच गुणाची. १८८१च्या सुमारास पाडर भागात सुमजाम गावाच्या वर दरड कोसळली आणि सुमारे ४,५०० मीटर उंचीवर हे खडे उघडे पडले. महाराजांनी तेथे पहारा बसविला. पण काही वर्षांतच उत्तम माल सरला. या खड्यांत अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि निळाईला मखमलीची मऊ झाक येते. भिंगाखाली ज्याला दोष म्हणावे, तेच येथे लावण्य ठरले आहे.

नीलम आणि माणिक ही एकाच कुरुंदाची भावंडे. क्रोमियमने माणिक लाल होते, लोह आणि टायटॅनियमने नीलम निळा. काठिण्य ९, म्हणजे रत्नांत हिऱ्याच्या खालोखाल. रोजच्या अंगठीत तो सहज टिकतो.

खरी कसोटी पुढे आहे. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधी, फिकट खडे विपुल निघतात. १९७०नंतरच्या दशकात थायलंडचे व्यापारी ते घेऊन भट्टीत दीड हजार अंशांहून अधिक तापवू लागले आणि त्यांतून सुंदर निळा रंग उमटला. हा रंग टिकाऊ असतो. असा खडा विकण्यात काहीच उणेपणा नाही. मात्र न तापविलेल्या खड्याचा भाव कितीतरी चढा असतो, आणि हा भेद गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसत नाही. ज्वालेत घडविलेला कृत्रिम नीलम तर गेल्या शतकाच्या आरंभापासून बाजारात आहे. त्यात भिंगाखाली वक्र रेषा दिसतात; खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ, कोन करून असतात.

अलाउद्दीन खिलजीच्या काळी दिल्लीतील श्रावक ठक्कुर फेरू यांनी १३१५ साली ‘रयणपरिक्खा’ हा प्राकृत ग्रंथ रचला. रत्नांची पारख जैन व्यापाऱ्याच्या हाती इतकी जुनी आहे. त्याहून जुना आहे अचौर्याणुव्रताचा अतिचार ‘प्रतिरूपकव्यवहार’: खऱ्याच्या नावाने त्यासारखा दिसणारा हलका माल देणे. तत्त्वार्थसूत्रात तो खोट्या वजनमापाच्या शेजारीच सांगितला आहे. तापविलेल्या खड्याविषयी मौन बाळगणे यात मोडते की नाही, असा वाद घालणारे भेटतात; पण ज्या मौनाने भाव वाढतो, त्याला वेगळे नाव कशाला?

साडेसातीने धास्तावलेले गिऱ्हाईक बहुधा घाईत असते, प्रश्न विचारीत नाही. अशा वेळी बिलावर ‘नीलम’ एवढेच न लिहिता वजन, नैसर्गिक की कृत्रिम आणि तापविलेला आहे की नाही, हे तिन्ही लिहावे. मोठ्या खड्यासोबत प्रयोगशाळेचा दाखला द्यावा. आणि ‘काश्मिरी’ हा शब्द केवळ रंग पाहून नव्हे, त्या दाखल्यात मूळस्थान नोंदलेले असेल तरच लिहावा.