पिकअप मागून बसलीय? जादा पाटा टाकण्याआधी हे वाचा

कल्याणच्या बाजार समितीत पहाटे माल घेऊन आलेल्या पिकअप मागून खाली बसलेल्या दिसतात. माल उतरला की त्यातल्या बहुतेक पुन्हा वर येतात. काही मात्र रिकाम्या झाल्या तरी बसलेल्याच राहतात. अशी गाडी शीळ रोडच्या खड्ड्यात किंवा सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर खालून घासली की मालक गॅरेज गाठतो आणि म्हणतो, "दोन इंच उचलून दे, पण स्वस्तात."

स्वस्तात उचलता येते, यात शंका नाही. पण नेमकं काय उचललं जातं आणि त्याचा ब्रेकवर काय परिणाम होतो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

उंची नेमकी कशाची वाढते?

बहुतेक पिकअपला मागे पाट्यांचं सस्पेन्शन आणि एकसंध अॅक्सल असतो. अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा असतो आणि बऱ्याचदा गाडीचा सर्वांत खालचा भाग तोच असतो. सस्पेन्शन उचललं की चासी आणि बॉडी वर जाते. अॅक्सल चाकांना जोडलेला असल्यामुळे तो जिथल्या तिथेच राहतो.

म्हणजे गोळा घासत असेल, तर पाटा टाकून काहीच फायदा नाही. गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तोही निम्माच. टायरचा व्यास 50 मिलिमीटरने वाढला तर गोळा 25 मिलिमीटरने वर जातो. सायलेन्सर, स्टेपनी किंवा चासी घासत असेल, तरच सस्पेन्शन उचलण्याचा उपयोग होतो. त्यामुळे गाडीखाली वाकून घासल्याच्या खुणा कुठे आहेत, हे आधी बघावं.

उचलायचीय की दुरुस्त करायचीय?

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करावी आणि टायरमध्ये योग्य हवा भरावी. मग चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावं. त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ते ताडून पाहावं. अंतर बरंच कमी भरलं किंवा डाव्या-उजव्या बाजूत फरक आला, तर पाटे थकलेत किंवा एखादा तुटलाय. अशा गाडीला लिफ्ट नको, दुरुस्ती हवी.

दुसरी तपासणी वजनकाट्यावर करावी. गाडीचं रिकामं वजन आणि मालासह मंजूर वजन आरसीवर दिलेलं असतं. माल त्याहून जास्त असेल, तर दोष पाट्यांचा नाही. पाटा वाढवल्याने अॅक्सल, टायर आणि ब्रेकची ताकद वाढत नाही, मंजूर वजनही वाढत नाही. जादा वजनासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे.

स्वस्तातले पर्याय कोणते?

बुश, शॅकल आणि शॉकअप बदलणं: झिजलेल्या बुशमुळे गाडी खडखडते आणि भरकटते. शॉकअप मात्र गाडीचं वजन पेलत नाही, फक्त उसळी आवरतो. साधा नवा शॉकअप टाकून बसलेली गाडी वर येत नाही.

पाट्यांना पुन्हा कमान देणं: पाटे उतरवून त्यांना मूळ बाक दिला जातो. खर्च कमी, पण जुनं पोलाद काही काळाने पुन्हा बसतं. पाट्याला तडा असेल तर हे करूच नये. अशा वेळी मूळ मापाचा नवा सेट टाकलेला परवडतो.

जादा पाटा टाकणं: पाच सारख्या पाट्यांत सहावा तसाच टाकला तर कडकपणा साधारण 20 टक्क्यांनी वाढतो. रोज जाता-येता भरलेल्या गाडीला ते चालून जातं. पण मुरबाडहून भाजी आणून रिकामी परतणारी गाडी त्याने उसळते आणि पावसात ओल्या वळणावर मागची चाकं पकड सोडू शकतात.

अॅक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा बसवणं: यात उंची मिळते, ताकद नाही. ब्रेक दाबल्यावर आणि वेग घेताना अॅक्सलला पीळ बसतो, तो ठोकळ्यामुळे वाढतो. एकावर एक दोन ठोकळे किंवा लाकडाचा ठोकळा कधीच नको. पुढच्या अॅक्सललाही ठोकळा नको.

पाटा किंवा ठोकळा टाकताना यू-बोल्ट त्या मापाचे नवेच घ्यावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत.

ब्रेकचा काय संबंध?

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. अनेक पिकअपमध्ये चासीवर ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो आणि एका दांडीने तो मागच्या अॅक्सलला जोडलेला असतो. माल भरून गाडी खाली बसली की या व्हॉल्व्हला वजन वाढल्याचं कळतं आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उचलली किंवा पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक कमी लागतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. गायमुखच्या किंवा माळशेजच्या उतारावर हे महागात पडू शकतं. म्हणून काम झाल्यावर या दांडीचं सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे करून घ्यावं. हेडलाइटचा झोतही पुन्हा तपासून नीट जुळवून घ्यावा.

शिवाय गाडी उंच झाली की उलटण्याचा धोका वाढतो. समजा, दोन चाकांमधलं अंतर 140 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य 80 सेंटिमीटर उंचीवर आहे. तो 85 वर गेला तर वळणावरची स्थिरता सुमारे 6 टक्क्यांनी घटते. उंच रचलेल्या मालाने ती आणखी घटते.

कायदा काय म्हणतो?

निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही, असं कलम 52 सांगतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माल वाहणारी गाडी एमएच 04 असो वा एमएच 05, फिटनेस तपासणीला तिला जावंच लागतं. शिवाय न कळवलेला बदल दिसला तर अपघातानंतर विमा कंपनी दाव्यावर बोट ठेवू शकते.

मग काय निवडावं?

रोजच्या गाडीसाठी क्रम सोपा आहे: आधी टेप, मग वजनकाटा, मग बुश आणि पाट्यांची दुरुस्ती. बसलेली गाडी मूळ उंचीवर आली की बहुतेकांचं घासणं तिथेच थांबतं, आणि कायद्याचा प्रश्नही येत नाही. एवढं करूनही गाडी घासतच असेल, तर उंची वाढवण्याआधी रोजचा माल एका खेपेऐवजी दोन खेपांत नेता येतो का, याचा हिशेब करून बघावा.