वापीच्या पलीकडची चौकी

गेल्या श्रावणात सिल्वासाला भाचीच्या घरी बारसे होते. नातवाला घेऊन बोरिवलीहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. विरार, पालघर, डहाणू मागे पडले. बाहेर पाऊस, आत चुळबुळ. शेवटी मी म्हटले, “बाळ, 1954 सालच्या अशाच पावसात याच वाटेने काही माणसे गेली आणि त्यांनी पोर्तुगिजांच्या चौक्या घेतल्या.”

लढाईचे नाव निघताच स्वारी सावरून बसली. “आजोबा, तोफा किती होत्या?”

तोफ कुठली! थोडी पिस्तुले, थोड्या बंदुका आणि पुष्कळशी छाती, एवढेच भांडवल. वाचकहो, दादरा आणि नगरहवेली हे मुलूख चारही बाजूंनी भारताने वेढलेले. पोर्तुगिजांची कुमक यायची ती समुद्रकाठच्या दमणहून, म्हणजे आपल्याच हद्दीतून. भारत सरकारने ती वाट बंद केली, आणि आतल्या चौक्या विहिरीत पडलेल्या माणसासारख्या एकाकी झाल्या.

मोहिमेला पैसा हवा होता. सुधीर फडके यांनी खटपट केली आणि लता मंगेशकर पुण्याच्या कार्यक्रमात बिदागी न घेता गायिल्या. पुढे फडके स्वतःही मोहिमेत उतरले.

22 जुलैला फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या तुकडीने दादऱ्याची चौकी घेतली. 28 जुलैला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या लोकांनी नरोली घेतली. मग राहिले सिल्वासा. तेथे कप्तान फिदाल्गो होता, पण तो आपली माणसे घेऊन खानवेलकडे सरकला. 1 ऑगस्टच्या रात्री राजा वाकणकर, नाना काजरेकर आदी मंडळी पुढे सरकली. बंदुका थोड्या, म्हणून काहींनी फटाके उडवून गोळीबाराचा भास केला, असे त्या मोहिमेच्या आठवणींत वाचायला मिळते. चौकीतल्या शिपायांनी शरणागती पत्करली आणि 2 ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. 11 ऑगस्टला फिदाल्गोही उदव्याला शरण आला.

“फटाके?” नातू टाळ्या पिटून हसला. मीही हसलो. इतक्यात त्याने विचारले, “मग कुणी मेलेच नाही?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. पण फटाक्यांपाशी हशा पिकला की थांबायचे, ही माझी सवय. त्या दिवशी थांबता आले नाही.

दादऱ्याच्या चौकीत आनिसेतो दु रोझारिओ हा फौजदार लढता लढता मेला. त्याच्याबरोबर आंतोनिओ फर्नांडिस हा शिपाईही.

“ते पोर्तुगीज होते ना?”

“नावे पोर्तुगीज, राजा. माणसे इकडचीच. आणि चौकीवर चालून गेलेला मस्करेन्हसही गोव्याचाच.”

पोरगा गप्प झाला. मग मी त्याला मोहन रानड्यांचे सांगितले. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून राहिला आणि चौक्यांवर छापे घालू लागला. पण गोवा म्हणजे दादरा नव्हे; तेथे पोर्तुगिजांचे लष्कर होते आणि समुद्र मोकळा होता. 1955 च्या ऑक्टोबरात बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात रानडे जखमी होऊन सापडले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच! सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटत राहिले. सुटका झाली ती 1969 च्या जानेवारीत. तरुणपणाची 13 हून अधिक वर्षे गजाआड गेली.

वापी आले. स्टेशनाबाहेर रिक्षा, कारखान्यांच्या बसगाड्या, एकच गर्दी. सिल्वासाची वाट पकडली, तेव्हा हद्द कुठे संपली ते कळलेही नाही. मध्येच दादरा लागले. नातू काच पुसून बाहेर पाहत होता.

“आजोबा, ती चौकी कुठे होती?”

मला नेमके दाखवता आले नाही. पण यंदा दिवाळीत तो लवंगी माळ लावील, तेव्हा सिल्वासाच्या त्या रात्रीबरोबर दादऱ्याच्या चौकीची आठवणही मी काढीन. पुरी गोष्ट सांगायची, असे आता ठरवले आहे.