गेम एकाचा, इंजिन दुसऱ्याचं! मोबाइल गेममागचा करार नेमका कसा असतो?

बीजीएमआय, फ्री फायर, लुडो किंग ही नावं आता गावातल्या पोरांना नवीन नाहीत. त्यातला लुडो किंग तर आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा. पण या तिन्ही गेममध्ये एक गोष्ट सारखी आहे. ज्या इंजिनावर हे गेम चालतात, ते इंजिन गेम बनवणाऱ्यांचं नाही. बीजीएमआय चालतो अमेरिकेतल्या एपिक गेम्स कंपनीच्या ‘अनरिअल’ इंजिनावर. फ्री फायर आणि लुडो किंग हे ‘युनिटी’ या इंजिनावर बनले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेमही अनरिअलवरच बनला.

मग दुसऱ्याचं इंजिन वापरायला पैसे किती द्यावे लागतात? त्यात आपल्या मनासारखे बदल करता येतात का? आणि मालकाने उद्या अटीच बदलल्या तर? आपल्याकडची बरीच मुलं आता यूट्यूबवर बघून गेम बनवायला शिकतात. त्यांनी कोडिंगइतकंच हेही समजून घ्यायला हवं.

गेम इंजिन म्हणजे काय?

जुन्या काळचं विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवा. पंपाला जोडलं की पाणी उपसायचं, पट्टा बदलून चक्कीला जोडलं की पीठ दळायचं. इंजिन तेच, काम वेगळं.

गेमचंही तसंच आहे. उडी मारलेला माणूस खाली यायला हवा, गोळी भिंतीला अडायला हवी, उन्हात सावली पडायला हवी, पाऊल वाजायला हवं. ही कामं जवळपास प्रत्येक गेममध्ये लागतात. ती करणारा तयार सॉफ्टवेअरचा संच म्हणजे गेम इंजिन. असं इंजिन स्वतः बनवायचं तर कसलेले प्रोग्रामर आणि काही वर्षं हाताशी लागतात. म्हणून बहुतेक स्टुडिओ तयार इंजिन घेतात आणि आपला वेळ गोष्ट, नकाशे, पात्रं आणि खेळ रंगवण्यात घालवतात.

खंडाने की वाट्याने?

इंजिन विकत मिळत नाही, वापरायचा परवाना मिळतो. त्यालाच लायसन्स म्हणतात. शेती करणाऱ्याला हा व्यवहार लगेच कळेल. जमीन दुसऱ्याची असेल तर ती एकतर खंडाने करायची, म्हणजे ठरलेली रक्कम द्यायची, नाहीतर वाट्याने करायची, म्हणजे पिकातला हिस्सा द्यायचा.

युनिटीची पद्धत खंडासारखी आहे. वर्षाची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फुकट. २०२४ मध्ये ही मर्यादा २ लाख डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांहून जास्त करण्यात आली. त्यापुढे काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरवर्षी पैसे भरायचे.

अनरिअलची पद्धत वाट्याची. एखाद्या गेमने एकूण १० लाख डॉलर कमावेपर्यंत काही द्यायचं नाही. त्यापुढच्या कमाईवर साधारण ५ टक्के एपिकला. हा वाटा नफ्यावर नाही, एकूण जमा रकमेवर असतो, हे नीट लक्षात घ्या. समजा, मर्यादेच्या पुढे १० लाख रुपये जमा झाले आणि अ‍ॅप स्टोअरने ३० टक्के कापून ७ लाखच हातात दिले. तरी एपिकचा वाटा १० लाखांवर, म्हणजे ५० हजार रुपये होतो. मोठ्या कंपन्या मात्र मालकाशी बसून आपला वेगळा करार करतात.

बदल करता येतात, पण मालकी मिळत नाही

परवाना घेतल्यावर इंजिन उघडून त्यात बदल करणं ही जुनी पद्धत आहे. अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने १९९६ मध्ये ‘क्वेक’ गेम आणला. व्हॉल्व्ह या नव्या कंपनीने त्या इंजिनाचा परवाना घेतला, त्यात खूप फेरफार केले आणि १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ काढला. पुढे सायबर कॅफेंमध्ये गाजलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ याच हाफ-लाइफमध्ये बदल करून जन्माला आला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा २००३ मधला पहिला गेमही आयडीच्याच ‘क्वेक थ्री’च्या इंजिनावर उभा होता.

आज अनरिअलच्या अटी मान्य केल्या की त्याचा मूळ कोड बघायला आणि बदलायला मिळतो. युनिटीचा पूर्ण मूळ कोड मात्र सगळ्यांना मिळत नाही. त्यासाठी मोठ्या ग्राहकांना वेगळे पैसे मोजावे लागतात.

बदल करण्यात एक अडचण असते. पंपात गावच्या मिस्त्रीकडून फेरफार करून घेतला की नंतर कंपनीचा सुटा भाग त्यात बसत नाही. इंजिनाचंही तसंच होतं. मालकाने नवीन आवृत्ती काढली की स्टुडिओला आपले सगळे बदल त्या आवृत्तीशी पुन्हा जुळवत बसावं लागतं. म्हणून काही स्टुडिओ जुनीच आवृत्ती वर्षानुवर्षं चालवतात.

आणि कितीही बदल केले तरी मूळ इंजिन मालकाचंच राहतं. कॅनडातल्या सिलिकॉन नाइट्स या स्टुडिओला याची फार मोठी किंमत मोजावी लागली. आपल्याला कामाचं इंजिन वेळेवर दिलं नाही, असं म्हणत या स्टुडिओने २००७ मध्ये एपिकवर दावा ठोकला. आम्ही स्वतःचं इंजिन बनवलंय, असंही सांगितलं. एपिकने उलट दावा केला. तपासात निघालं की ‘स्वतःच्या’ इंजिनात एपिकच्या कोडच्या हजारो ओळी जशाच्या तशा होत्या. एपिकच्या प्रोग्रामरनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपासुद्धा स्पेलिंगच्या चुकांसकट उतरल्या होत्या! २०१२ मध्ये निकाल एपिकच्या बाजूने लागला. ज्यूरीने सुमारे ४४.५ लाख डॉलर द्यायला सांगितले. शिवाय तो कोड असलेल्या गेमच्या न विकलेल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. दोन वर्षांनी स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मालकच समोर दुकान टाकतो तेव्हा

पब्जीच्या बाबतीत वेगळीच पंचाईत झाली. हा गेम मार्च २०१७ मध्ये आला आणि जगभर चालला. त्याचं इंजिन एपिकचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एपिकने आपल्या ‘फोर्टनाइट’ गेममध्ये शंभर खेळाडूंचा तसाच खेळ सुरू केला. ज्याच्या इंजिनावर आपण अवलंबून आहोत तोच आता आपला स्पर्धक झाला, अशी नाराजी पब्जीच्या कोरियन कंपनीने उघड बोलून दाखवली. २०१८ मध्ये कोरियात दावाही दाखल केला आणि त्याच वर्षी मागे घेतला. मात्र पब्जीने अनरिअल सोडलं नाही. तयार गेम एका इंजिनावरून दुसऱ्यावर नेणं म्हणजे बांधलेलं घर उचलून दुसऱ्या पायावर ठेवण्यासारखं आहे.

युनिटीने अट बदलली, तेव्हा काय झालं?

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केलं की जानेवारी २०२४ पासून गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लागणार. सर्वात लहान गटातल्या स्टुडिओसाठी अट अशी होती: वर्षाची कमाई २ लाख डॉलरच्या वर आणि एकूण इन्स्टॉल २ लाखांच्या वर गेले की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला २० सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेसोळा रुपये.

आता गंमत बघा. मोबाइलवरचे बहुतेक गेम फुकट असतात. ते डाउनलोड करणारे बरेच जण एक रुपयाही खर्च करत नाहीत. म्हणजे फुकट खेळणारे वाढले की स्टुडिओच्या खिशाला भोक. त्यात आधीच बाजारात असलेल्या गेमच्या नव्या इन्स्टॉललाही ही फी लागू होणार होती. जगभरातले गेम बनवणारे खवळले. दहाच दिवसांत युनिटीने अटी बऱ्याच सैल केल्या. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉन रिचिटेलो पायउतार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ही फी पूर्ण रद्द झाली. वर्षाच्या परवान्याचे दर मात्र वाढले.

या गोंधळात अनेकांचं लक्ष ‘गोडो’ या इंजिनाकडे गेलं. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं हे इंजिन २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. कमाईत वाटा नाही, वर्षाचा खंड नाही, कोड हवा तसा बदला. मुख्य अट एवढीच, की गेमसोबत त्याच्या लायसन्सचा मजकूर द्यायचा. गोडोचं एडिटर अँड्रॉइड मोबाइलवरही चालतं, त्यामुळे लॅपटॉप नसलेल्या मुलांनाही सुरुवात करता येते.

गेम बनवायला घेताय? मग हे बघा

• इंजिन निवडण्याआधी फुकटची मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर काय द्यावं लागेल, ते वाचा.

• वाटा नफ्यावर आहे की एकूण जमेवर, ते तपासा.

• ज्या दिवशी अटी मान्य केल्या त्या दिवशीची प्रत तारखेसह सेव्ह करून ठेवा. सातबारा जपतो तशी जपा.

• पात्रं, आवाज, नकाशे बाहेरून घेतले तर त्यांचा परवाना इंजिनापेक्षा वेगळा असतो. टेलिग्रामवर मिळालेलं ‘क्रॅक’ साहित्य वापरलेला गेम स्टोअरवरून उडू शकतो.

• चार मित्र मिळून गेम बनवत असाल तर कोणाचा हिस्सा किती, हे आधीच कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. गेम चालल्यावर हा विषय काढला तर भांडण ठरलेलं.