जर्सीवरील चार मूर

इटलीच्या सार्डिनिया बेटावर टी-शर्टवर आणि काल्यारी शहराच्या फुटबॉल संघाच्या बोधचिन्हात एक आकृती हमखास आढळते : पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रूस आणि त्याच्या चार कोनांत चार काळी मस्तके. मूळची ढालीवर रंगवण्याची ही आकृती तेराव्या शतकात स्पेनमधील आरागॉनच्या राजांच्या मोहरेवर होती व त्यांच्याच सत्तेसोबत ती पुढे या बेटावर आली. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये आलेले मुस्लिम. १०९६ च्या आल्कोराझच्या लढाईत पराभूत झालेल्या चार मूर राजांची ही शिरे, असे दंतकथा सांगते. जेत्याने मिरवलेली ही शिरे जितांच्या वंशजांना खुपणारच, हे विसरता कामा नये. तरीही सार्डिनियाच्या लोकांनी त्यांत परक्या सत्तांखाली दबलेले स्वतःचेच रूप पाहिले, ही या चिन्हाची खरी विलक्षणता होय. मस्तकांच्या कपाळावरची पट्टी मधल्या काळात डोळ्यांवर उतरली होती. १९९९ च्या प्रादेशिक कायद्याने हीच आकृती असलेल्या बेटाच्या ध्वजावर ही पट्टी पुन्हा कपाळावर नेली आणि काठीकडे वळलेली मुखे विरुद्ध दिशेला फिरवली, त्यामुळे कपड्यावरील आकृतीत डोळे झाकलेले असतील, तर ती जुन्या नमुन्याची समजावी.