लाली, पिल्लं आणि काकू

आमच्या जिन्याखाली रस्त्यावरची लाली व्याली. पाच पिल्लं! दिवसभर ती त्यांना चाटत असते. पिल्लं जरा मोठी झाली, तशी बाहेरून खाऊन येते आणि पोटातलं ओकून त्यांच्यापुढे ठेवते. शेजारच्या काकूंनी ते बघितलं आणि नाक मुरडलं, "शी! त्यांना नाही नाही ते रोग व्हायचे असल्या खाण्यानं."

काकूंचं अगदीच खोटं नाही. कुत्र्याच्या जठरात मळसूत्रासारखे पीळदार जंतू असतात. इटलीतल्या तुरीनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८९३ मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. हेलिकोबॅक्टर हे त्यांच्या कुळाचं नाव. जठरातल्या जळजळीत आम्लात ते टिकतात कसे? तर स्वतःभोवती अमोनिया तयार करून तेवढ्यापुरतं आम्ल मारतात. हुशारच म्हणायचे!

पिल्लांना ते मिळतात आईकडूनच. फिनलंडमधल्या संशोधकांनी आई आणि पिल्लांच्या जठरातले जंतू ताडून पाहिले, ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. आईचे जंतू पिल्लांत आणि पिल्लांचे एकमेकांत जातात, असं त्यात दिसलं. आईची लाळ आणि ओकलेलं अन्न हे त्यांचे सोपे रस्ते. पण गंमत अशी, की ठणठणीत कुत्र्यांच्या पोटातही हे जंतू सर्रास सापडतात. म्हणून पिल्लांना आईपासून तोडायचं काही कारण नाही.

आणि आपण? या जंतूंचा भाऊबंद, हेलिकोबॅक्टर पायलोरी, माणसाच्या जठरात अल्सर करतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तो बहुतेकांना लहानपणी घरातूनच मिळतो, पुष्कळदा आईकडून. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या नातवाला घास चावून, मऊ करून भरवत होत्या. हात तिथेच थांबला.

मुलांच्या दृष्टीनं जास्त काळजी पिल्लांच्या पोटातल्या गोल जंतांची. ते तर आईच्या गर्भातूनच येतात, आणि त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून द्यायचं असतं, आम्हाला उशीरच झाला. काल जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलं. मुलांना पिल्लांशी खेळू देते, पण तोंड चाटू द्यायचं नाही आणि आत आल्यावर साबणानं हात धुवायचे.

काकूंनी लालीसाठी जुनं गोणपाट पाठवलंय. नातवाच्या हाती, स्वतः दुरूनच.