आंब्याखालची तहान

सावलीतल्या झाडांना पाणी कमी लागतं, असं आपण धरूनच चालतो. ऊन नाही, म्हणजे माती ओली राहणार! कुंडीतल्या झाडाचं ते खरंही आहे. पण जुन्या आंब्याच्या, जांभळाच्या बुंध्याशी अळू लावलंत की हिशोब बदलतो.

आमच्या आळीतल्या एक वहिनी तर आंबाच तोडायला निघाल्या होत्या. "खाली काही जगतच नाही हो!" पाणी रोज मारत होत्या, पाइपने, पाच मिनिटं. मी म्हटलं, जरा माती उकरून बघूया. वर चिखल, बोटभर खाली धूळ!

मोठ्या झाडाची काही मुळं खोल जातात, पण पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. तिथंच आपलं रोपटं. वरवर शिंपडलेलं पाणी थोडं उडून जातं, उरलेलं झाड पिऊन टाकतं. पावसाची हलकी सरसुद्धा पानांवरच अडते.

आणि नळाला पाणी दिवसाआड. म्हणून मैत्रिणींनो, रोजचं शिंपडणं सोडा. चार-पाच दिवसांनी द्या, पण सावकाश आणि आत मुरेल इतकं. आधी दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. नवीन रोपाला पहिले दोन-तीन महिने मात्र लवकर लवकर लागतं. माझा आवडता उपाय गाडग्याचा. रंग न दिलेलं छोटं गाडगं रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. पाणी आपोआप झिरपतं. खड्डा करताना जाड मूळ लागलं तर जागा बदला, मूळ तोडू नका. तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको.

पाला झाडून पेटवायची आपल्याला भारी हौस! तोच रोपांभोवती दोन-तीन बोटं जाड पसरा, ओल टिकते. फक्त खोडाला टेकवू नका, साल कुजते.

आता आंब्याची खास गोष्ट. पाऊस सरल्यापासून मोहोर येईपर्यंत बागायतदार आंब्याचं पाणी तोडतात. ताण बसला की मोहोर चांगला धरतो. नेमकं तेव्हाच आपण अळूसाठी बुंध्याशी पाणी ओतत राहिलो, तर नुसती पालवी फुटते. लोणच्याच्या कैऱ्यांवर पाणी सोडून अळूवड्या कोण करेल? म्हणून अळू, नेचे अशी तहानलेली मंडळी आंब्याखाली कुंडीतच बरी. जमिनीत हळद लावा, जूनमध्ये लावली की बरीचशी पावसावरच वाढते. स्नेक प्लांटही चालतो, तो फारसं मागत नाही. वहिनींना दोन कुंड्या मीच भरून दिल्या. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी तेवढं आठवड्यातून एकदा ओतून टाकायचं, नाहीतर डास होतात.